ऑफस्टेडने कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसवर ताशेरे ओढले, आता पालकांनी काय करायचं? पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि तक्रार

आपल्या कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसना, म्हणजे मुलांसाठीच्या सोशल सर्व्हिसेसना, ऑफस्टेडने (इंग्लंडमधल्या सरकारी तपासणी संस्थेने) ‘इनॲडिक्वेट’ किंवा ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’ असा शेरा दिला, की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास दोन मेसेज येतात. पहिला, ‘मग मुलांची शाळा बदलायची का?’ आणि दुसरा, ‘सोशल सर्व्हिसेसच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या तपासणीचा तुमच्या शाळेच्या शेऱ्याशी काही संबंध नाही. अडचणीतली मुलं, कौन्सिलच्या देखभालीखालची मुलं आणि तिथून मोठी होऊन बाहेर पडणारे तरुण यांच्याकडे कौन्सिल किती नीट लक्ष देतं, ते त्यात बघतात. दुसरा सल्ला मात्र घातक आहे. वाईट शेरा आल्यानंतर कौन्सिलच्या कारभारावर वरून जेवढी नजर असते, तेवढी एरवी कधीच नसते. तुमचा अर्ज धूळ खात पडला असेल, तर तो हलवायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नाही.

खालची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तपासणी करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि कायदेही वेगळे.

शेरा आल्यावर कौन्सिलला काय करावं लागतं

इंग्लंडमधल्या १५३ कौन्सिलांची ही तपासणी जानेवारी २०१८ पासून ‘इलॅक्स’ नावाच्या चौकटीत होते. नोटीस जेमतेम आठवडाभर आधी मिळते. इन्स्पेक्टर मुलांच्या फाइली उघडतात आणि ती फाइल सांभाळणाऱ्या सोशल वर्करशी बोलतात. या मुलाला शेवटचं कधी भेटलात? ते काय म्हणालं? मग तुम्ही काय केलंत? शेवटी वेगवेगळ्या कामांचे स्वतंत्र शेरे मिळतात, प्रत्येक चारपैकी एक. आपल्यासारख्या पालकांनी ‘मदत आणि संरक्षण’ या भागाचा शेरा आधी बघावा. बातमीत तो सहसा येत नाही.

अंतिम अहवाल हाती आल्यापासून कामाच्या ७० दिवसांत कौन्सिलला लेखी उत्तर तयार करावं लागतं. कोणत्या सुधारणा करणार, हे त्यात सांगून ते शिक्षणमंत्र्यांकडे आणि ऑफस्टेडकडे पाठवायचं आणि जाहीरही करायचं. शेरा ‘इनॲडिक्वेट’ असेल तर ऑफस्टेडचे लोक मधूनमधून पाहणीला येत राहतात, सरकार आपला कमिशनर नेमू शकतं आणि प्रकरण फारच हाताबाहेर गेलं असेल तर हे काम कौन्सिलकडून काढून स्वतंत्र ट्रस्टकडे दिलं जातं. बर्मिंगहॅममध्ये एप्रिल २०१८ मध्ये असा ट्रस्ट सुरू झाला आणि २०२३ मध्ये तिथे ‘गुड’ शेरा आला. मराठी कुटुंबं बऱ्यापैकी असलेल्या स्लाऊमध्ये २०१५ पासून ट्रस्ट होता, २०२१ मध्ये हे काम कौन्सिलच्याच मालकीच्या कंपनीकडे गेलं. अशा ठिकाणी पत्रावरचं नाव ट्रस्टचं किंवा कंपनीचं असलं तरी कायदेशीर जबाबदारी कौन्सिलचीच राहते. ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका.

कौन्सिलचं हे उत्तर वाचायला कंटाळवाणं असतं, पण वाचा. अहवालातल्या ‘काय सुधारायला हवं’ या यादीतला प्रत्येक मुद्दा घ्या आणि त्यासमोर तीन गोष्टी शोधा. काम कुणाचं? कधीपर्यंत? आणि झालं हे कळणार कशावरून? तारखेशिवाय ‘बळकटी आणू’, ‘संस्कृती रुजवू’ असं लिहिलेलं असेल तर ती शुद्ध शब्दांची कढी. उलट तुमच्याच दुखण्याचा मुद्दा त्यात सापडला, तर तो उचला. ‘तुमच्या आराखड्यात असेसमेंट वेळेत पूर्ण करण्याचं आश्वासन आहे, माझ्या मुलीचं असेसमेंट सुरू होऊन अकरा आठवडे झाले, ते कधी संपेल हे लेखी कळवा’ अशी तीन ओळींची ईमेल तक्रारीच्या तीन पानांपेक्षा लवकर काम करते. कौन्सिलच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या नगरसेवकांच्या स्क्रूटिनी कमिटीपुढे हा आराखडा येतो, तिची कागदपत्रं सभेच्या किमान पाच दिवस आधी वेबसाइटवर असतात आणि सभेला कुणालाही बसता येतं. नगरसेवकाला गाठायचं असेल तर तिथेच गाठा.

मदत कुणाला मिळू शकते

१९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमधलं सेक्शन १७ हा इथला कणा. मदतीशिवाय ज्या मुलाची तब्येत किंवा वाढ नीट होणार नाही, ते मूल ‘चाइल्ड इन नीड’. अपंग मूल व्याख्येनेच त्यात येतं, वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. त्याच्या आईवडिलांना स्वतःच्या दमणुकीबद्दलही असेसमेंट मागता येतं, आणि आपल्याकडे हे मागायला लोक उगाच लाजतात.

आता व्हिसाचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) अशी अट असते आणि तिला घाबरून कुणी कौन्सिलला फोनच करत नाही. सेक्शन १७ ची मदत ‘पब्लिक फंड’मध्ये मोजली जात नाही. शाळेतल्या विशेष गरजांसाठीचा ईएचसीपी (मदतीचा लेखी प्लॅन) हाही नाही. मुलासाठीचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मात्र पब्लिक फंड आहे. अट असताना त्याचा अर्ज कुणाच्या सांगण्यावरून भरून टाकू नका, पुढच्या व्हिसाला ते नडेल. राहण्याची किंवा पैशाची मदत मागितली तर कौन्सिल तुमचं इमिग्रेशन स्टेटस तपासतं. व्हिसा वैध असेल तर त्यात घाबरण्यासारखं नाही. मुदत उलटून गेली असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

ईएचसीपीबद्दल एक गल्लत नेहमी होते. त्याची तपासणी इलॅक्समध्ये येत नाही, ती ऑफस्टेड आणि आरोग्यसेवा तपासणारी सीक्यूसी मिळून वेगळी करतात. तो अर्जही वेगळा. कौन्सिलने असेसमेंट करायचं की नाही ते सहा आठवड्यांत कळवायचं आणि प्लॅन करायचा ठरला तर वीस आठवड्यांत अंतिम प्लॅन द्यायचा.

अर्ज कसा करायचा

कौन्सिलच्या वेबसाइटवर चिल्ड्रन्स सर्व्हिसेसचा फोन आणि ऑनलाइन फॉर्म असतो. कुठे त्याला ‘फ्रंट डोअर’ म्हणतात, कुठे ‘मॅश’. २०२५ पासून बऱ्याच ठिकाणी ‘फॅमिली हेल्प’ हे नाव दिसू लागलंय. शाळा, जीपी किंवा हेल्थ व्हिजिटरही तुमच्या वतीने पाठवू शकतात. मुलाच्या जिवाला धोका असेल तर फॉर्मच्या फंदात न पडता ९९९.

फोनवर मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, घरात कोण कोण राहतं आणि पालक म्हणून कायदेशीर जबाबदारी कुणाची, हे विचारतात. मग ‘काय चाललंय?’ असा मोघम प्रश्न येतो, आणि आपण तिथेच गडबडतो. ‘तसं सगळं ठीक आहे हो, थोडी मदत मिळाली तर बरं’ ही आपली भीड, पण समोरचा माणूस तेच टाइप करतो आणि आठवड्याने ‘नो फर्दर ॲक्शन’चं पत्र दारात येतं. त्यापेक्षा ठोस सांगा: मुलगा रात्री दोनला उठतो, पाचपर्यंत झोपत नाही, मी नाइट शिफ्टवर असतो, बायकोला बाळंत होऊन दोन महिने झालेत. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मराठी दुभाषी मागा, त्याचा खर्च कौन्सिल करतं. मोठ्या मुलीला दुभाषी म्हणून बसवू नका.

अर्ज आल्यापासून कामाच्या एका दिवसात पुढे काय करायचं हे ठरायला हवं. असेसमेंट ठरलं तर ते कामाच्या ४५ दिवसांत, म्हणजे नऊ आठवड्यांत, संपायला हवं. सेक्शन १७ च्या असेसमेंटला तुमची संमती लागते. मुलाला गंभीर इजा होत असल्याची किंवा होऊ शकते अशी शंका असेल तर सेक्शन ४७ ची चौकशी होते, तिला संमतीची गरज नसते. कुठल्या सेक्शनखाली विचारताय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

घरी येणारी सोशल वर्कर मुलाशी एकट्याने बोलायला मागते आणि ते कुठे झोपतं ते बघते. सहा वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपतो, यात लपवण्यासारखं काही नाही. नीट सांगितलं की ती लिहून घेते. त्याच्या नावाची एक रिकामी खोली आवरून दाखवली आणि मुलाने ‘मी इथे झोपत नाही’ म्हटलं, तर मात्र फाइलवर नको ती ओळ चढते.

कागदपत्रं

मुलाचा पासपोर्ट आणि जन्मदाखला ठेवा. महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी असेल तर तसाच चालतो, फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. व्हिसासाठी आता बीआरपी कार्डाऐवजी ई-व्हिसाचा शेअर कोड द्यावा लागतो. पत्त्यासाठी कौन्सिल टॅक्सचं बिल किंवा भाडेकरार. शाळेची आणि जीपीची पत्रं, भारतातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट असतील तर तेही. पैशाची किंवा निवाऱ्याची मदत हवी असेल तर अलीकडची बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिप लागतात. एखादा कागद नाही म्हणून धोक्यातल्या मुलाचा अर्ज अडवता येत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

आणि ही एक नोंद मराठी घरांत सर्रास राहून जाते. सोळा वर्षांखालचं मूल जवळच्या नातेवाइकाखेरीज कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवणं बंधनकारक आहे. आजी-आजोबा, भाऊ-बहीण, सख्खे काका, मामा, मावशी, आत्या चालतात. आईची मैत्रीण असलेली ‘मावशी’ किंवा बाबांचा चुलतभाऊ चालत नाही. सासूबाईंच्या आजारपणासाठी दोन महिने पुण्याला जाताना मुलाला परीक्षेसाठी इथे मैत्रिणीकडे ठेवणार असाल, तर ते ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ होतं. कळवायला अर्ज साधा आहे, पैसे लागत नाहीत.

उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर

आधी फाइलची प्रत मागा. ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ फुकट असते, ओळखपत्र जोडायचं, एका महिन्यात उत्तर यायला हवं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर ते आणखी दोन महिने मागू शकतात. मूल जरा मोठं असेल तर त्याची संमती लागेल.

तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करायची. बहुतेक तक्रारींना तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचं उत्तर कामाच्या १० दिवसांत, फार तर २०. पटलं नाही तर दुसरी पायरी मागा, त्यात बाहेरची स्वतंत्र व्यक्ती चौकशीवर लक्ष ठेवते. मुदत २५ दिवस, पण प्रत्यक्षात ६५ पर्यंत ताणतात. तिसरी पायरी पॅनेलची, ती दुसऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून २० दिवसांत मागावी लागते. ‘दुसऱ्या पायरीपेक्षा एकदा मॅनेजरशी बोलून बघा’ असा गोड आग्रह होतो. बोला, पण हक्क सोडला असं लेखी देऊ नका. तक्रार मुलाने स्वतः केली तर त्याला ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडायला मदत करणारी व्यक्ती) मिळतो.

ऑफस्टेड एकेका कुटुंबाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लांबलचक पत्र लिहून निकालाची वाट बघत बसू नका. कौन्सिलच्या पायऱ्या संपल्या की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जा. तेही फुकट, आणि गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत. तिथे कौन्सिलचं शेवटचं उत्तर जोडावं लागतं. ते हातात नसेल तर आधी तेच लेखी मागून घ्या.