न सापडणारं शीत

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की जनमत चाचण्यांवर एक आक्षेप हमखास ऐकू येतो: 'मतदार तेवीस कोटी आणि विचारलं जेमतेम हजार जणांना! त्यातून काय कळणार?' चाचण्या चुकतात हे खरं, पण या कारणाने नाही. खरं कारण याहून कितीतरी सुंदर आहे.

चिठ्ठ्या टाकून हजार माणसं निवडली आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, तर टक्केवारीतली चूक १०० पैकी ९५ वेळा साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते. देश केवढा आहे याने फारसा फरक पडत नाही. माणसं चौपट केली तर चूक निम्मी होते, एवढंच. (हे '±३' प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला लागू आहे. दोघांमधल्या फरकातली चूक त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून ४८ विरुद्ध ४६ अशा आकड्यांना 'आघाडी' म्हणणं चूक आहे.)

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ती याच भरवशावर. पण भाताचं शीत कधी 'मी येत नाही' म्हणत नाही. मतदार म्हणतो.

१९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. तेवीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन हे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना हरवणार असं भाकीत केलं गेलं. प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मतं मिळाली. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं आली. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, म्हणून श्रीमंतांचीच मतं आली, असं सगळीकडे शिकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पेव्हरिल स्क्वायर या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. ज्यांना पत्रं गेली त्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, तर निदान रूझवेल्ट जिंकणार हे तरी बरोबर आलं असतं, असं त्यातून निघालं. म्हणजे पत्र मिळूनही जे गप्प राहिले, ते मोठ्या संख्येने रूझवेल्टचे होते.

पुढे ही गप्प माणसं किती वाढली? प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या टेलिफोन चाचण्यांमध्ये १९९७ साली शंभरातले ३६ जण उत्तर द्यायचे. २०१८ साली ६.

या गप्प बसण्याची किंमत मोजणारं समीकरण हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये मांडलं. माझं ते फार आवडतं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. चाचणीतली चूक म्हणजे तीन संख्यांचा गुणाकार. एक, समाजात मतभेद किती आहे. दोन, उत्तर देणाऱ्या एकेका माणसामागे उत्तर न देणारे किती आहेत, त्याचं वर्गमूळ. तीन, उत्तर देणं आणि विशिष्ट मत असणं यांचा सहसंबंध, म्हणजे या दोन गोष्टी किती जोडीने येतात ते. खरी गंमत या तिसऱ्या संख्येत आहे. चिठ्ठ्या टाकल्या तर हा सहसंबंध आपोआप अतिसूक्ष्म होतो, साधारण 'एक भागिले लोकसंख्येचं वर्गमूळ' इतका. तेवीस कोटींसाठी तो ०.००००६६ च्या आसपास येतो. दुसऱ्या संख्येत लपलेली लोकसंख्या त्यामुळे कटून जाते, म्हणूनच देश केवढा याने फरक पडत नाही. पण माणसं स्वतःच्या मर्जीने उत्तर द्यायला लागली की ही काटाकाट मोडते आणि लोकसंख्या समीकरणात परत येते.

२०१६ च्या आकडेवारीवरून मेंग यांनी ट्रम्प यांच्या मतदारांसाठी हा सहसंबंध काढला: सुमारे उणे ०.००५. म्हणजे ट्रम्प यांचा मतदार आपलं मत सांगायला किंचित कमी उत्सुक. आकडा नगण्य वाटतो, पण चिठ्ठ्यांच्या मानाने तो पाऊणशे पट मोठा आहे. तो समीकरणात घाला: देशातल्या एक टक्का, म्हणजे २३ लाख मतदारांची उत्तरं मिळाली, तरी त्यांची किंमत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० माणसांएवढीच उरते! 'बिग डेटा'चा गजर करणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवायला हवा.

यावर उपाय म्हणून चाचणी घेणारे उत्तरांना वजन देतात. तरुण कमी आले तर आलेल्या तरुणांचं मत जास्त धरायचं. हे बेताने करावं लागतं. २०१६ च्या एका चाचणीत इलिनॉयमधल्या १९ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला सरासरी उत्तरदात्याच्या ३० पट वजन मिळालं होतं, आणि तो ट्रम्प यांचा समर्थक होता. त्याच वर्षी कित्येक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणाप्रमाणे वजन दिलंच नाही. पदवीधर जास्त उत्तरं देत होते आणि त्यांचा कल ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता.

चाचण्या अशा चुकल्या की लोक भलत्याच गोष्टींवर विश्वास ठेवू लागतात. वॉशिंग्टनचा तेव्हा रेडस्किन्स नावाचा फुटबॉल संघ मतदानाआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला तर सत्ताधारी पक्ष टिकतो, हरला तर जातो, हा 'नियम' १९४० पासून २००० पर्यंत सलग १६ वेळा खरा ठरला. २००४ मध्ये संघ हरला, तरी सत्तेत असलेले बुशच जिंकले. हजारो संघांचे लाखो सामने चाळले तर असा एखादा योगायोग सापडणारच. चुकलेल्या चाचणीची चूक निदान शोधता येते. योगायोगात शोधायला काहीच नसतं.

२०२० साली शिक्षणाचं वजन बहुतेकांनी दिलं. तरीही राष्ट्रीय चाचण्यांची चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी निघाली. वय, वंश, शिक्षण सगळं जुळत असलेल्या दोघांपैकी एक फोन घेतो आणि दुसरा घेत नाही, आणि मतही त्याच रेषेवर फुटलेलं असेल, तर कोणतंही वजन कामाला येत नाही. जनमत संशोधकांच्या अमेरिकन संघटनेने या चुकीची चौकशी केली, पण नेमकं कारण तिला ठामपणे सांगता आलं नाही. त्यासाठी ज्यांना विचारायला हवं होतं, ते याही वेळी हाती लागले नव्हते.