रिपोर्ट नॉर्मल आला, मग स्टॅटिन कशासाठी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या औषधांत स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची एक गोळी हमखास असते, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला की परस्पर बंद होणारी गोळीही बहुधा तीच असते. यामागची समजूत अशी की, रक्तवाहिनी म्हणजे नळ, चरबी म्हणजे त्यात साचलेला गाळ आणि गोळी म्हणजे तो धुऊन काढणारे रसायन. प्रत्यक्षात ही चरबी पोकळीत नव्हे, तर वाहिनीच्या भिंतीच्या आत साठते, आणि स्टॅटिनचे मुख्य कार्यक्षेत्र यकृत हे आहे.

पेशी स्वतः कोलेस्टेरॉल तयार करतात आणि त्या साखळीतील कळीचे विकर (एन्झाइम) म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये हे विकर अडवणारा पहिला पदार्थ शोधला. विकर अडले की यकृतपेशीच्या आतील पटलांत कोलेस्टेरॉलची टंचाई निर्माण होते. त्या पटलात एसआरईबीपी नावाचे प्रथिन एका जोडीदार प्रथिनासह अडकून असते. टंचाई जाणवताच ही जोडी गॉल्जी पिंडाकडे जाते, तेथे एसआरईबीपीचे दोन ठिकाणी छेदन होते आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात शिरून एलडीएल-ग्राहींचे, म्हणजे एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण पकडणाऱ्या प्रथिनांचे, जनुक कार्यान्वित करतो. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही वाढतात आणि रक्तातील एलडीएल कण आत ओढले जातात. मला यातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो पुढचा : हाच तुकडा रिडक्टेजचेही उत्पादन वाढवतो, म्हणजे पेशी औषधाला सतत प्रत्युत्तर देत असते. म्हणूनच गोळी थांबवली की काही आठवड्यांतच एलडीएल मूळ पातळीवर परतते. रिपोर्टमधला नॉर्मल आकडा हा गोळी चालू असल्याचा परिणाम असतो.

मग भिंतीचे काय होते? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्टेरॉइड अभ्यासात रोझुव्हास्टॅटिनची मोठी मात्रा दोन वर्षे देऊनही भिंतीतील चरबीच्या थराने व्यापलेला वाहिनीचा हिस्सा सरासरी सुमारे १ टक्क्यानेच घटला. याउलट १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात, ४,४४४ हृदयरुग्णांमध्ये, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या गटातील मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी आढळला. एवढ्याशा आकुंचनाने एवढा लाभ होतो, कारण हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा येतो तो थरावरचे पातळ आवरण फाटून तेथे रक्ताची गुठळी झाल्यामुळे. एलडीएल घटल्यावर थरातील चरबी आणि दाह कमी होतो, आवरण जाड व तंतुमय होते. शिवाय वाहिनीचे अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करू लागते, त्यामुळे वाहिनी सैल होण्याची क्षमता सुधारते. निपाणीच्या तंबाखूचा धूर नेमके याच अंतःस्तराला इजा करतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगर यांच्या काढ्याने ‘ब्लॉकेज उघडते’ असे संदेश आपल्याकडे मोबाइलवर सतत फिरतात. या काढ्याने भिंतीतील थर विरघळतो, याला कोणताही पुरावा नाही, आणि त्याच्या भरवशावर गोळी सोडणे जिवावर बेतू शकते. स्नायू दुखत असल्यास किंवा लघवी गडद होत असल्यास डॉक्टरांना त्वरित सांगावे. मात्रा कमी करता येते, स्टॅटिनचा प्रकार बदलता येतो, आणि तेही न जमल्यास इझेटिमाइबसारखा दुसरा पर्याय उपलब्ध आहे.