गुडघ्याच्या कूर्चेवरील शस्त्रक्रिया: दोन वर्षांचा निकाल आणि पंधरा वर्षांचा

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची जखम आपोआप भरत नाही. विल्यम हंटर यांनी हे लंडनमध्ये 1743 सालीच लिहून ठेवलं होतं. पुढचे उपाय त्यामुळे खालच्या हाडातलं रक्त वर आणण्याचे होते. ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी 1959 मध्ये उघड्या हाडाला ड्रिलने भोकं पाडण्याची पद्धत मांडली. 1980च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी दुर्बिणीतून, दाभणासारख्या हत्याराने तेच केलं. हेच मायक्रोफ्रॅक्चर.

यात जखमेच्या कडा उभ्या आणि घट्ट कराव्या लागतात. तळाचा कॅल्शियमयुक्त थर खरवडून 3-4 मिमी अंतराने भोकं पाडतात, मज्जेतल्या चरबीचे थेंब दिसेपर्यंत. थर राहिला तर रक्ताची गुठळी धरत नाही. भोकं फार जवळ पडली तर मधलं हाड ढासळतं. त्यानंतर 6 ते 8 आठवडे पायावर पूर्ण भार द्यायचा नाही. एवढं सांभाळूनही तिथे भरते ती बहुतांशी तंतुमय कूर्चा. मूळच्या कूर्चेइतका दाब तिला झेपत नाही.

म्हणूनच स्वीडनमधल्या पेशीरोपणाने मोठी आशा जागवली. गोथेनबर्गमध्ये 1987 साली लार्स पीटरसन यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत बसवल्या. 1994च्या अहवालात मांडीच्या हाडावरच्या जखमांचे 16 पैकी 14 रुग्ण दोन वर्षांनी चांगले होते. वाटीमागच्या जखमांत मात्र 7 पैकी 2च.

खरी कसोटी नॉर्वेत लागली. 80 रुग्णांपैकी निम्म्यांवर पेशीरोपण, निम्म्यांवर मायक्रोफ्रॅक्चर झालं. पाच वर्षांनी दोन्हीकडे 40 पैकी 9 अपयशी. सुमारे पंधरा वर्षांनी पेशीरोपणाचे 17, मायक्रोफ्रॅक्चरचे 13. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता. अधिक गंभीर गोष्ट पुढे आहे: ज्यांची शस्त्रक्रिया टिकली, त्यांच्याही एक्स-रेत अनुक्रमे 57 आणि 48 टक्के जणांना झीज सुरू झालेली दिसली. महागडं पेशीरोपण सरसकट सुचवण्याआधी हे आकडे रुग्णासमोर ठेवायलाच हवेत.

पण तुलना वेगळ्या शस्त्रक्रियेशी केली तर चित्र बदलतं. लंडनजवळच्या स्टॅनमोर इथे 100 रुग्णांत, सरासरी 4 चौ. सेंमीहून मोठ्या जखमांवर, दहा वर्षांनी पेशीरोपण 17 टक्के, तर मोझेकप्लास्टी, म्हणजे गुडघ्याच्या दुसऱ्या भागातून काढलेले हाड-कूर्चेचे दंडगोल तुकडे जखमेत बसवणं, 55 टक्के रुग्णांत फसलं.

पहिली शस्त्रक्रिया कोणती, यालाही वजन आहे. बॉस्टनच्या टॉम मिनास यांच्या 2009च्या अभ्यासात, आधी हाडाला हात न लावलेल्या गुडघ्यांत, पेशीरोपणाच्या अपयशाचं प्रमाण 8 टक्के होतं. आधी हाडाला भोकं पाडून किंवा ते खरवडून झालेल्या गुडघ्यांत ते 26 टक्क्यांवर गेलं.