खासदार निधी खिशात जातो का?
‘खासदाराला वर्षाला ५ कोटी हातात मिळतात, हिशेब कोणी मागत नाही’ हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतोय. आकडा खरा आहे, म्हणून बाकीचंही खरं वाटणं साहजिक आहे. पण १९९३ पासूनच्या या खासदार निधी योजनेत खासदार फक्त काम सुचवतात. ते नियमात बसतं का हे पाहून मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि काम सरकारी यंत्रणांमार्फत होतं. खासदारांच्या स्वतःच्या खात्यात यातला रुपयाही येत नाही. (पगार-भत्ते वेगळे.) पुण्यात एखाद्या बसथांब्यावर किंवा समाजमंदिरावर ‘खासदार निधीतून’ अशी पाटी दिसली, तर तिच्यावरचं कामाचं नाव, खर्च आणि तारीख टिपून घ्या. मंजुरी कधी मिळाली, पैसे कुणाला दिले, हे जिल्हाधिकारी कार्यालयात १० रुपये भरून माहिती अधिकाराच्या अर्जाने कुणालाही विचारता येतं.