उडी मोठी, पडणं छोटं

माझी भाची कॅलगरीला असते, नववीत आहे. तिथली मुलं हिवाळ्यात जे करतात तेच ती करते, म्हणजे पायाला फळी बांधून डोंगरावरून घसरते. मध्यंतरी तिने घरच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ टाकला. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधली, स्कीइंगच्या 'बिग एअर' प्रकारातली (एका मोठ्या रॅम्पवरून उडी मारायची आणि हवेत गिरक्या घ्यायच्या) चीनकडून खेळणाऱ्या आयलीन गूची शेवटची उडी. खाली शेऱ्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी लिहिलं, 'गुरुत्वाकर्षणावर मात!' एका काकांनी लघिमा सिद्धीचा दाखला दिला. आपले योगी म्हणे शरीर कापसासारखं हलकं करत. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तिने एकच ओळ लिहिली, 'हिचे गुडघे कसे राहतात?'

अख्ख्या ग्रुपमध्ये शास्त्रीय म्हणावा असा हाच एक प्रश्न होता.

लघिमाचं आधी उरकून घेऊ. हवेत असताना आयलीनला स्वतःचं वजन जाणवत नाही, हे खरंच आहे. पण सोसायटीच्या कठड्यावरून उडी मारणाऱ्या पोरालाही त्या अर्ध्या सेकंदात ते जाणवत नसतं. आपल्याला वजन जाणवतं ते जमीन तळपायांना वर रेटते म्हणून. पायाखाली काहीच नसलं की रेटणारं कुणी उरत नाही. याला मुक्त पतन म्हणतात आणि त्यासाठी साधना लागत नाही, कठडा पुरतो. गुरुत्वाकर्षण मात्र त्या काळात क्षणभरही रजेवर जात नाही. खाली येण्याचा वेग ते दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढवतच राहतं, ऑलिंपिक असो वा सोसायटी.

आता त्या दिवसाविषयी. ८ फेब्रुवारी २०२२. बीजिंगच्या पश्चिमेला शौगांगचा जुना पोलाद कारखाना आहे, तिथल्या अवाढव्य शीतक मनोऱ्यांना लागून सुमारे साठ मीटर उंचीचा कायमचा रॅम्प बांधला आहे. प्रत्येकीला तीन उड्या, त्यांतल्या सर्वोत्तम दोन धरायच्या. फ्रान्सच्या टेस ल्यदूने पहिल्याच उडीत १६२० अंश फिरून ९४.५० गुण घेतले. ३६० अंशांचा एक फेरा, म्हणजे हे साडेचार फेरे झाले. अठरा वर्षांच्या आयलीनकडे शेवटची उडी उरली होती. तिचं तिच्या आईशी फोनवर बोलणं झालं. आईचा सल्ला होता, १४४० कर आणि रौप्य पक्कं कर. पोरीने ऐकलं नाही. स्पर्धेत तोवर कधीच न केलेली १६२० तिने मारली, तिलाही ९४.५० मिळाले आणि एकूण १८८.२५ विरुद्ध १८७.५० अशा फरकाने सुवर्ण तिच्याकडे गेलं. ल्यदू रडत बसली होती, तिची समजूत काढायला आयलीन आणि कांस्य मिळवणारी स्विस मातिल्द ग्रेमो दोघी गेल्या.

या गिरक्यांचं शास्त्र अकरावीच्या पुस्तकात असतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. एकदा रॅम्पच्या कडेवरून पाय सुटले की कोनीय संवेग, म्हणजे अंगात असलेला फिरण्याचा जोर, ठरून गेला, हवेत तो वाढवता येत नाही. हातपाय अंगाशी घेतले की फिरणं जलद होतं, पसरले की मंद, इतकंच हातात उरतं. म्हणून गिरकीचा निर्णय जमिनीवरच होतो. जानेवारी २०२५मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये एकोणीस वर्षांच्या हिरोतो ओगिवाराने स्नोबोर्डवर २३४० अंश पूर्ण केले, म्हणजे साडेसहा फेरे. मोजताना आपल्यालाच गरगरतं.

पण मला खरी भुरळ घातली आहे ती आईच्या प्रश्नाने. फेरे जितके जास्त तितका हवेतला वेळ जास्त, आणि हवेतला वेळ जितका जास्त तितका खाली येतानाचा वेग जास्त. मग गुडघे कसे राहतात?

आकडे घेऊन बघू. खालचे आकडे शौगांगच्या मोजमापाचे नाहीत, हिशेबासाठी मी धरलेले आहेत, पण अशा मोठ्या उडीला शोभणारे आहेत. समजा, बर्फाला टेकण्याच्या क्षणी खेळाडू पुढच्या दिशेने सेकंदाला २० मीटर आणि खालच्या दिशेने सेकंदाला १२ मीटर वेगाने येते आहे. खाली सपाट मैदान असेल तर पुढचा वेग तिला पुढे घसरवत नेईल, त्याचा गुडघ्यांना त्रास नाही. खालचा वेग मात्र जमीन तिथल्या तिथे शून्य करणार. किती उंचीवरून पडल्यावर १२चा वेग येतो? वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले ९.८, म्हणजे १४४ भागिले १९.६. उत्तर साधारण ७.३ मीटर. आपल्याकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारल्यासारखं.

आता मैदान काढून तिथे उतार ठेवू. तिचा मार्ग त्या क्षणी क्षितिजाशी ३१ अंशांचा कोन करून खाली चालला आहे (१२ आणि २० हे काटकोन त्रिकोणाचे दोन हात घेऊन बघा) आणि त्या मार्गावरचा एकूण वेग सेकंदाला सुमारे २३.३ मीटर. उतार २५ अंशांचा आहे. म्हणजे मार्ग आणि बर्फ यांच्यात फक्त सहा अंशांची फट. उताराला जमिनीचं काम करायचं आहे, आणि जमीन फक्त स्वतःला लंब असलेला वेग थांबवते, समांतर वेगाशी तिला देणंघेणं नसतं. मग लंब घटक किती? २३.३ गुणिले सहा अंशांची साइन, म्हणजे सेकंदाला २.४ मीटरच्या आसपास. हा वेग किती उंचीवरून पडल्यावर येतो? तीस सेंटिमीटर. जिन्याच्या दोन पायऱ्या!

उडी तीच, वेग तोच, तीच पोरगी. फक्त बर्फाचा कोन बदलला आणि दुसऱ्या मजल्याच्या दोन पायऱ्या झाल्या. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा कुठेतरी शून्य चुकलं असेल म्हणून पुन्हा केला होता.

मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? कुठेच गेली नाही. ती तिच्याजवळच आहे, म्हणून तर टेकल्यावर ती ताशी ऐंशीच्या वर वेगाने उतारावरून पुढे निघून जाते आणि खाली लांब मैदानात वळसे घेत, बर्फ उडवत सावकाश थांबते. गुरुत्वाकर्षणाची उधारी एका क्षणात न फेडता हप्त्याहप्त्याने फेडायची. विमानही असंच करतं. ताशी दोनअडीचशे किलोमीटर वेगाने ते धावपट्टीला टेकतं, पण जवळजवळ समांतर येऊन, त्यामुळे वरच्या कप्प्यातल्या डब्यातला लाडूही फुटत नाही.

उरलेल्या दोन पायऱ्यांची सोय गुडघे करतात. मल्लखांबावरून उतरणारा मुलगा गुडघे वाकवून का उतरतो हे त्याला कुणी सूत्राने शिकवलेलं नसतं, पण सूत्र सोपं आहे. पायांवर येणारं सरासरी बल, वजनाच्या पटीत, साधारण १ अधिक (पडण्याची उंची भागिले गुडघे वाकून मिळालेलं अंतर). अर्धा मीटर वाकलात तर दोन पायऱ्यांसाठी वजनाच्या दीडपटीहून थोडं जास्त. सपाट मैदानात तेच बल पंधरापटीच्या वर जातं. तिथे वाकणं संपतं आणि मोडणं सुरू होतं.

या 'किती उंचीवरून सरळ पडल्यासारखं' मापाला समतुल्य पतन-उंची म्हणू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मॉन्ट हबर्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मापावर स्की-पार्कमधल्या उड्यांची रचना तपासली. त्यांचा प्रश्न असा. सगळे काही एकाच वेगाने येत नाहीत. कुणी फळीला मेण नीट लावलेलं नसतं, दुपारी बर्फ ओला होऊन चिकटतो, समोरून वारा येतो. प्रत्येकाचा मार्ग वेगळा, टेकण्याची जागा वेगळी. मग असा उतार करता येईल का, की कुणी कुठेही टेको, समतुल्य पतन-उंची तेवढीच राहील? गणित म्हणतं, येईल. रॅम्पच्या कडेवरून वेगवेगळ्या वेगांनी निघणारे सगळे पॅराबोला, म्हणजे फेकलेल्या चेंडूसारखे वक्र मार्ग, काढा. बर्फाच्या प्रत्येक बिंदूवर त्यातला एक मार्ग येऊन भिडतो. त्या बिंदूशी बर्फाचा कोन मार्गाच्या कोनापेक्षा इतकाच कमी ठेवा, की लंब वेग ठरल्याबाहेर जाणार नाही. जो लांब जातो तो जास्त वेगाने आणि सहसा जास्त तिरका खाली येतो, म्हणून फट आणखी बारीक, म्हणून उतार आणखी तीव्र. हे सगळं एका विकलक समीकरणात बसतं आणि ते सोडवलं की डोंगराचा आकारच हातात येतो. (समीकरण शब्द वाचून कुणी पान उलटणार असेल तर थांबा, ते इथे मांडत नाही.)

अडचण पैशाची आणि जागेची आहे. उतार तीव्र होत गेला तर तो कधीतरी सपाटही व्हायला हवा, आणि जिथे तो सपाट व्हायला लागतो त्याच्या पुढे कुणी उडून जाता कामा नये. वरच्याच उदाहरणात तोच मार्ग दहा अंशांच्या उतारावर येऊन टेकला, तर फट एकवीस अंशांची होते आणि दोन पायऱ्यांचे एकदम साडेतीन मीटर होतात. पहिला मजला. अलीकडेही धोका आहेच. रॅम्प आणि उतार यांच्यामध्ये सपाट पट्टा असतो, त्याच्या टोकाला खेळाडू 'नकल' म्हणतात. वेग कमी पडला की माणूस तिथे आपटतो. म्हणजे कमी धाडस दाखवलं म्हणून सुरक्षित, असं इथे चालत नाही. दोन्ही बाजूंना मजले आहेत.

आणि हा सगळा हिशेब पायांवर टेकणाऱ्यांसाठी आहे. गिरकी अर्धवट राहून डोक्यावर आलं तर दोन पायऱ्याही पुष्कळ होतात. स्कीच्या कडक बुटात पाय अडकलेला असताना वजन मागे गेलं की बूट नडगीला मागून पुढे ढकलतो आणि गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध जातो, क्रिकेटवाल्यांच्या कृपेने हा शब्द आता घराघरात पोचलेलाच आहे. आईला मी हेही कळवलं. 'म्हणजे राहतातच असं नाही,' असं तिचं उत्तर आलं.

आता प्रेरणेबद्दल, कारण ग्रुपवर तोही विषय निघाला. 'मुलांनी असले व्हिडिओ बघावेत, मेंदूतले मिरर न्यूरॉन जागे होतात,' असं एका भाषणबाज नातेवाईकाचं म्हणणं. मिरर न्यूरॉन खरे आहेत. १९९०च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथे माकडांच्या मेंदूत ते सापडले. माकडाने स्वतः शेंगदाणा उचलला तरी आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी चेतणाऱ्या पेशी. पण तिथून 'व्हिडिओ बघा, चॅम्पियन व्हा' इथपर्यंतची उडी शौगांगच्या रॅम्पपेक्षा लांब आहे, आणि तिला उतारही नाही. माझी आई गेली तीस वर्षं टीव्हीवर टेनिस बघते.

मी भाचीलाच विचारलं, तुला कोण आवडतं, कुणासारखं व्हायचंय? मला वाटलं आयलीनचं नाव घेईल, किंवा सतराव्या वर्षी २०१८च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डच्या हाफपाइप प्रकारात सुवर्ण घेणाऱ्या क्लोई किमचं. तिने शाळेतल्या एका दहावीतल्या मुलीचं नाव सांगितलं. ती मुलगी ३६० करते. एक फेरा! 'ती माझ्याएवढीच उंच आहे आणि आमची टेकडी तीच आहे,' हे तिचं कारण.

मला ते पटलं. स्लोव्हेनियाच्या प्रेव्त्स भावंडांचंच पाहा ना. मोठा पीटर २०१५मध्ये स्की-उडीत २५० मीटर गाठणारा पहिला. धाकटा डोमेन २०२५मध्ये त्यांच्याच देशातल्या प्लानित्साला २५४.५ मीटर गेला आणि त्याच महिन्यात बहीण निकाने नॉर्वेत २३६ मीटरची झेप घेतली. त्या उड्यांतही तीच युक्ती आहे, डोंगराचा उतार उडीच्या मार्गाच्या लगतच खाली जातो. आपल्यासारखंच कुणीतरी त्या उतारावर उतरून घरी जेवायला आलेलं रोज दिसत असेल तर पोस्टरची गरज काय?

'आपल्यासारखं कुणीतरी' वाढावं म्हणून आता हवेच्या गाद्या आल्या आहेत. बर्फाच्या उताराच्याच कोनात बसवलेली प्रचंड फुगीर गादी. तिच्यावर पडलं की थांबण्याचं अंतर वाढतं, म्हणजे वरच्या सूत्रातला भाजक मोठा होतो आणि बल उतरतं. जपानमध्ये अशी बारमाही सराव केंद्रं आहेत, तिथे भर उन्हाळ्यात शाळकरी मुलं दिवसभर उड्या मारतात. जपानी पोरं एवढ्या गिरक्या कशी घेतात याची कारणं शोधताना लोक सामुराईपर्यंत जातात. मी आधी गाद्या मोजेन. दिवसाला पन्नास वेळा चुकायची मुभा असलेलं मूल आणि एकदाच चुकायची मुभा असलेलं मूल, यांच्या धाडसाची तुलना कशी करायची? गादीची एक खोड मात्र आहे. तिच्यावर पाठ टेकूनही उतरता येतं, आणि ती सवय बर्फावर सोबत आली तर एसीएल वाट बघतच असतो.

सोलांगला भाड्याच्या स्की लावून शाळेच्या मैदानाइतक्या उतारावर मी स्वतः सातदा पडलो होतो, त्यामुळे भाचीला सल्ला द्यायचा अधिकार मला नाही. तरी विचारलं, उडी मारायच्या आधी तुम्ही काय बघता? ती म्हणाली, 'मामा, पहिल्या फेरीत उडी मारतच नाही. बाजूने घसरत जाऊन फक्त लँडिंग बघून येतो.' रॅम्प सगळे सारखेच दिसतात, ती म्हणाली, लँडिंग वेगळं असतं.

तिची ३६० अजून व्हायची आहे. मागच्या शनिवारी २७० झाली.