‘लीन मास’ आणि स्नायू: वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांभोवतीचा घोळ

‘या इंजेक्शनांनी 40 टक्के स्नायू जातात’ हे वाक्य सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 च्या चाचणीतून निघाले. तिथे 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरले. डेक्सा (क्ष-किरणांनी चरबी आणि हाडे मोजणारे) स्कॅन झाले ते मात्र जेमतेम 140 जणांचे. त्यांच्या उतरलेल्या वजनापैकी सुमारे 40 टक्के ‘लीन मास’, म्हणजे ढोबळमानाने चरबी नसलेले वजन, होते. शरीरातले एकूण लीन मास 10 टक्क्यांहून किंचित कमीच घटले, चरबी 19 टक्क्यांनी. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या इंजेक्शनच्या 72 आठवड्यांच्या चाचणीत उतरलेल्या वजनातला हाच वाटा 25 टक्क्यांच्या आसपास आला.

शिवाय लीन मास म्हणजे स्नायू नव्हेत. डेक्सा चरबी आणि हाडांतले खनिज वेगळे काढते; उरते ते सगळे ‘लीन’. त्यात यकृत, आतडी, रक्त, पाणीही आले. सांगाड्याचे स्नायू साधारण निम्मे. ग्लायकोजेनचा (शरीरातल्या साखरेच्या साठ्याचा) एक ग्रॅम सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो, ते पहिल्या काही आठवड्यांतच निघून जाते. चरबीच्या ऊतीतही पाणी आणि प्रथिने असतात, म्हणजे निव्वळ मेद घटला तरी यंत्र थोडी लीन घट दाखवतेच. तरीही ‘मग काळजी कशाला’ म्हणणाऱ्यांचे पटत नाही. साठीपुढच्या माणसाकडे मुळात स्नायूंची शिल्लक थोडी असते, आणि औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, तो चरबीच्या रूपात जास्त.

धोका नवा नाही. 1970 च्या दशकात कोलॅजनपासून बनवलेल्या द्रवरूप प्रथिनांवर जगून झपाट्याने वजन उतरवताना अनेकांचा मृत्यू झाला. त्यांच्या हृदयाचे स्नायू झिजलेले आढळले. ‘सार्कोपेनिया’ (वयोमानाने होणारी स्नायूंची झीज) हा शब्द 1989 चा. 2018 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी व्याख्येत ताकदीला पहिले स्थान दिले: हाताची पकड पुरुषांत 27 आणि स्त्रियांत 16 किलोपेक्षा कमी, किंवा खुर्चीतून 5 वेळा उठायला 15 सेकंदांहून जास्त वेळ. त्यानंतर आलेल्या या मोठ्या औषधचाचण्यांनी मात्र स्नायूंचा हिशेब मुख्यतः स्कॅनवरच मांडला. खरा आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा.

हाडांबाबत पुरावा जास्त स्वच्छ आहे. 2011 मधल्या ज्येष्ठांच्या चाचणीत केवळ आहाराने वजन उतरवणाऱ्यांची नितंबाची हाडघनता सुमारे 3 टक्के घटली, व्यायामाची जोड असलेल्यांची 1 टक्का. 2024 मध्ये सेमाग्लुटाइडच्याच गटातल्या लिराग्लुटाइडबाबत तेच दिसले: नुसत्या औषधाने नितंब आणि कण्याची घनता घटली, औषधासोबत व्यायाम असताना वजन सर्वाधिक उतरूनही ती टिकली. भार कमी झाला की हाड स्वतःला त्या भाराजोगे हलके करते.

खाणे घसरते ते बहुधा औषधाची मात्रा वाढवतानाच. सेमाग्लुटाइड 0.25 मिलिग्रॅमपासून दर 4 आठवड्यांनी वाढवत 2.4 पर्यंत नेतात. मळमळीत पानावरचे प्रथिनच आधी बाजूला सारले जाते. म्हणून जेवणाची सुरुवात त्यानेच करावी: दर वेळी 25 ते 30 ग्रॅम, दिवसाला किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम. हिशेब अपेक्षित वजनावर धरावा, नाहीतर स्थूल व्यक्तीचा आकडा अवाच्या सवा फुगतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ही मर्यादा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आठवड्यातून 2–3 दिवस मोठ्या स्नायूंना वजनाचा व्यायाम, प्रत्येकी 8 ते 12 आवर्तने, शेवटची दोन कष्टाने निघतील इतका भार. तो महिनोन्‌महिने तसाच ठेवला तर उपयोग ओसरतो. चालणे हृदयाला उत्तम, ताकदीला अपुरे. कॅल्शियम आहारासकट 1000 ते 1200 मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी डेक्सा सुरुवातीलाच करून घ्यावा, आणि पुढचा शक्यतो त्याच यंत्रावर. भोवतालची चरबी घटली की हाडघनतेचे मोजमापही थोडे हलते, त्यामुळे किरकोळ फरकाने घाबरू नये.