‘काउंटर-स्ट्राइक’च्या आवृत्त्या आणि जुळणीचा प्रश्न : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळचे सायबर कॅफे आणि शिरपूर-फैजपूरची अभियांत्रिकी वसतिगृहे पाहिलेल्या पिढीसाठी ‘सीएस’, अर्थात ‘काउंटर-स्ट्राइक’ हा दोन संघांच्या गोळीबाराचा संगणकीय खेळ, म्हणजे त्याची १.६ ही आवृत्ती. त्यानंतरच्या आवृत्त्या येऊनही ती अनेक संगणकांवर का टिकली, हे समजण्यासाठी प्रत्येक वेळी मागच्यातले नेमके काय पुढे नेले गेले आणि काय मागे राहिले, हे पाहावे लागते.

मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळासाठी केलेला हा मॉड (मूळ खेळात बदल करून बनवलेला खेळ) व्हॉल्व्ह कंपनीने आपल्याकडे घेतला आणि २००० मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून विकायला काढला. जुळणीचा, म्हणजे एका आवृत्तीचे दुसरीशी चालण्याचा, पहिला मोठा तिढा २००३ मध्ये पडला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात स्टीम हे व्हॉल्व्हचे खेळ ऑनलाइन पुरवणारे व्यासपीठ सुरू झाले, १.६ त्यावर आली आणि १.५ चे खेळाडू ज्या ‘वॉन’ या ऑनलाइन जाळ्यावर भेटत असत ते पुढच्या वर्षी बंद करण्यात आले. इंटरनेटचा वेग बेताचा आणि भारनियमन नेमाचे, अशा गावांत लॅनवर (एकाच ठिकाणच्या संगणकांच्या जाळ्यावर) स्टीमशिवाय चालणाऱ्या, म्हणजे नॉन-स्टीम, प्रतींचाच वापर सोयीचा होता. पण त्याही सगळ्या सारख्या नव्हत्या. १.६ मध्येच प्रोटोकॉल (सर्व्हर आणि खेळाडूचा संगणक यांच्यातील संवादाचे नियम) ४७ आणि ४८ असे दोन प्रकार झाले, आणि एका प्रकारचा सर्व्हर दुसऱ्या प्रकारच्या प्रतीला जोडूच देत नसे. पुण्याहून पेनड्राइव्हमध्ये आणलेली प्रत भुसावळच्या सर्व्हरला जोडेना, तर कारण बहुधा हेच असे. त्रयस्थांनी लिहिलेल्या प्लगइनमुळे (सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममुळे) पुढे दोन्ही प्रकारांना एकाच सर्व्हरवर घेता येऊ लागले. ही सोय कंपनीने केली नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेली ‘सोर्स’ ही आवृत्ती नव्या इंजिनावर (खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) बांधलेली होती. १.६ चे नकाशे (लढतीची मैदाने) ‘बीएसपी’ याच नावाच्या फाइलीत असले तरी आतली मांडणी बदललेली असल्यामुळे ते ‘सोर्स’मध्ये उघडत नसत, डस्ट २ सारखा लोकप्रिय नकाशाही नव्याने बांधावा लागला. शिवाय कॅफेतील साध्या संगणकांना हे इंजिन जड जाई, आणि लॅनवर सगळ्यांकडे एकच आवृत्ती लागत असल्याने खोलीतला सर्वांत दुबळा संगणक साऱ्यांची आवृत्ती ठरवी. जगभरातील स्पर्धाही काही वर्षे दोन आवृत्त्यांत विभागल्या गेल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आली, तीही आधीच्यांच्या शेजारी वेगळा खेळ म्हणून; जुने कोणाचे काढून घेतले गेले नाही.

हा क्रम २७ सप्टेंबर २०२३ रोजी मोडला. ‘काउंटर-स्ट्राइक २’ स्टीमवर ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’च्या जागीच बसवण्यात आली. खेळाडूंनी २०१३ पासून जमवलेल्या, प्रसंगी पैसे मोजून घेतलेल्या बंदुकांच्या स्किन्स (वरची रंगसजावट) मात्र जशाच्या तशा पुढे आल्या. त्यांची नोंद खेळाच्या फाइलीत नसून कंपनीच्या सर्व्हरवर, खेळाडूच्या खात्याशी जोडलेली असते, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या सोपे होते. पण ज्या वस्तूंचा बाजार चालतो त्या हरवू न देण्यात कंपनीचे हित होते, हेही उघड आहे. खेळाडूंनी स्वतः बांधलेल्या नकाशांसाठी रूपांतराचे साधन देण्यात आले, तरी पुढची डागडुजी ज्याची त्याने करायची होती. जुने सामने पुन्हा पाहण्यासाठी नोंदवलेल्या डेमो फाइली नव्या आवृत्तीत चालत नाहीत.

यंत्रांच्या बाबतीतही तोडणी झाली. डायरेक्टएक्स ९ (विंडोजवर खेळांचे चित्रण करणारी जुनी प्रणाली), ३२-बिट प्रणाली आणि मॅक यांचा आधार काढून घेण्यात आला, म्हणजे जुन्या संगणकावर कालपर्यंत चालणारा खेळ त्याच खात्यावर, काही न करता, बंद पडला. अशांसाठी ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची गोठवलेली प्रत स्टीमच्या बीटा पर्यायांत (खेळाची वेगळी प्रत निवडण्याच्या सोयीत) ठेवण्यात आली, पण १ जानेवारी २०२४ पासून तिचा आधार थांबलेला आहे. १.६ आणि ‘सोर्स’ मात्र आजही वेगळे खेळ म्हणून स्टीमवर उपलब्ध आहेत.